लिहिलं तसंच केलं

मुडली चिरायला बसलं की हाताला खाज सुटते. कर्नाटकातल्या जोयड्याकडच्या बायकांना त्याचं काही वाटत नाही. आधी तळहाताला खोबरेल चोळायचं, नंतर आमसुलाच्या पाण्यात हात बुडवायचे, झालं. पण बाहेरगावचा माणूस हा कंद उघड्या हातानं चिरायला गेला, तर दोन दिवस कोपरापर्यंत खाजवत बसतो. कॉलेजातले डॉ. विनोद हळदणकर पहिल्याच खेपेला असे खाजवत बसले होते. तेव्हापासून त्यांच्या प्रयोगशाळेत मुडलीला सुरी लावायचं काम गिरजा वेळीपकडे आलं.

गिरजा कुंभारवाड्यापलीकडच्या एका वाडीतली. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. नवरा झिलू जंगलाच्या कामावर रोजंदारीला जायचा. घरचं थोडं भात, आणि परसात कोनं, करांदे, मुडल्या असले कंद. तालुक्यात कॉलेज निघालं त्या वर्षी ती तिथं अटेंडर म्हणून लागली आणि वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये तिची अठरा वर्षं गेली. प्राध्यापक आले नि बदलून गेले, पण कुठली बाटली कुठल्या फळीवर हे फक्त गिरजाला ठाऊक असायचं.

दरवर्षी पोरांना एक प्रयोग करावा लागे. बटाट्यात पितळेची नळी खुपसून सळया काढायच्या, सळयांच्या पातळ चकत्या करायच्या. निम्म्या चकत्या साध्या पाण्यात, निम्म्या ऑक्सिन घातलेल्या पाण्यात. ऑक्सिन म्हणजे झाडाच्या अंगातलंच वाढीचं संजीवक. ते मिळालं की पेशींच्या भिंती सैल होतात, आणि भिंत सैल झालेली पेशी पाणी ओढून घेते, फुगते. दुसऱ्या दिवशी चकत्या टिपकागदावर टिपून तोलायच्या. संजीवकातल्या जड भरल्या तर प्रयोग जमला.

पुस्तकात तो नेहमी जमायचा. लॅबमध्ये मात्र दोन्ही बशांतल्या चकत्या बहुतेक वेळा सारख्याच भरायच्या, आणि पोरं वहीत आकडे मनानं लिहून मोकळी व्हायची. गिरजाला ते बघवत नसे. तिचं काम ती चोख करायची. ऑक्सिन पाण्यात सरळ विरघळत नाही, त्याला आधी चार थेंब स्पिरिट लागतं. मग तेवढंच स्पिरिट साध्या पाण्यातही घालायचं, म्हणजे फरक पडला तर तो संजीवकानंच पडला असं म्हणता येतं. बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, कारण उजेडात औषध मरतं. इतकं सगळं करूनही चकत्या फुगायच्या नाहीत. मग चुकतंय कुठं, हा किडा तिच्या डोक्यात बसला होता.

एका गुरुवारी तिनं चकत्या कापल्या आणि घड्याळात बघितलं तर बसची वेळ झालेली. दुपारची बस गेली की पुढच्या बसचा काही नेम नाही. तिनं चकत्या तशाच चाळणीत ओतल्या, चाळणी नळाखाली ठेवली, नळाची धार दोऱ्याएवढी बारीक सोडली आणि पळाली. दुसऱ्या दिवशी त्या टाकून द्यायच्या म्हणून चाळणी उचलली, तर चकत्या टवटवीत दिसल्या. म्हटलं, बघू तर खरं. तिनं त्याच चकत्या दोन बशांत घातल्या. शनिवारी सकाळी तोलल्या, तर साध्या पाण्यातल्या होत्या तशाच, आणि ऑक्सिनमधल्या ठळक जड. बोटांत धरल्या तर ताठ, कडक.

तिनं हे पुन्हा केलं. पाच वेळा केलं. आदल्या दिवशी कापून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या चकत्या दर खेपेला फुगत होत्या. ताज्या कापलेल्या फुगत नव्हत्या. असं का, ते तिला सांगता येत नव्हतं, पण असं होतं हे तिला स्वतःच्या हाताइतकं पक्कं ठाऊक झालं.

त्या सुमारास हळदणकर नवीन आलेले. ती त्यांच्याकडे गेली आणि सगळं सांगितलं. ते मोबाइलमध्ये बघत होते. मान वर न करता म्हणाले, "धुण्याबिण्याचं तुझं तू बघ गं. मला आकडे दे."

तिनं आकडे दिले. पुढची चार वर्षं देत राहिली. चकत्या आदल्या दिवशी कापायच्या, रात्रभर नळाखाली ठेवायच्या, मग सकाळी सर यायच्या आत बशांत घालायच्या. सर अकरा वाजता यायचे, बशा भरलेल्या बघायचे, दुसऱ्या दिवशी वजनं उतरवून घ्यायचे. आपल्या लॅबमध्ये प्रयोग जमतो म्हणून ते खूश होते. मग त्यांनी बटाटा सोडून इथल्या कंदांवर काम काढलं. मुडली गिरजानंच घरून आणली. मुडलीच्या चकत्या बटाट्याच्या दुप्पट पाणी ओढतात हे दिसलं तेव्हा सरांनी टेबलावर थाप मारली आणि त्या दिवशी तिला चहा पाजला.

इथवर गिरजाची काहीच तक्रार नव्हती. आपलं नाव कुठं छापून यावं असं तिला कधी वाटलंही नाही.

तिच्याकडे एक वेगळी मुडली होती. सालीखाली जांभळट काळी, शिजली की पिठूळ, आणि खाज जवळजवळ नाहीच. लग्नात तिच्या आईनं माहेरहून, बाजारकुणंगाहून, डोक्यावरच्या पाटीतून आणून दिलेली. आईला ती तिच्या आईकडून आली होती. वाडीत दुसऱ्या कुणाकडं ती नव्हती. आई गेली त्या वर्षी रानडुकरांनी परसात घुसून सगळं उकरलं आणि काळ्या मुडलीचे चार कंद उरले. गिरजानं ते राखेत घोळवून माळ्यावर ठेवले होते. वैशाखात लावायचे होते.

सरांच्या कानावर हे कसं गेलं कोण जाणे; बहुधा तीच बोलता बोलता बोलून गेली असेल. त्यांनी ते चार कंद मागितले. काळ्या गराची मुडली पाणी कशी ओढते ते बघायचं होतं. तिनं नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा मागितले. शेवटी ती म्हणाली, खालचा भाग कापा, पण वरचं मुंडकं डोळ्यासकट मला परत द्या. मुंडकं असलं की मुडली पुन्हा येते, खालच्या गराला काही कोंब फुटत नाहीत. सर म्हणाले, अगं, एवढं तर मला कळतं, मी वनस्पतिशास्त्राचा माणूस आहे.

ती चार कंद घेऊन गेली. दुसऱ्याच दिवशी सासरा वारला आणि तिला बारा दिवस रजा घ्यावी लागली.

परत आली तेव्हा टेबलावर काही नव्हतं. मधल्या दिवसांत कॉलेजात कार्यशाळा झाली होती. बाहेरगावची तीस पोरं आली होती, त्यांना चकत्या कापायचा सराव हवा होता, आणि बटाटे संपले होते. पोरांनी हातमोजे घालून काळ्या मुडल्या मुंडक्यासकट कापल्या होत्या. उरलंसुरलं कॉलेजमागच्या खड्ड्यात जाळलं होतं. गिरजा खड्ड्यापाशी गेली, काठीनं राख उकरली. एकही डोळा शाबूत मिळाला नाही.

तिनं सरांना विचारलं. सर म्हणाले, "कंदच तो, गिरजा. बाजारात ढिगानं मिळतो."

ती प्रिन्सिपॉलांकडे गेली. अठरा वर्षांत तिनं केलेली ही पहिली तक्रार. प्रिन्सिपॉलांनी हळदणकरांना बोलावून घेतलं, आणि त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं की रजेवर जाताना या बाईनं ऑक्सिनची बाटली उन्हात ठेवली, औषध मेलं, त्यामुळे प्रयोग दोनदा करावा लागला आणि सगळे कंद वापरावे लागले. आता अंगावर येऊ नये म्हणून ही माझ्यावर ढकलते आहे. बाटली फ्रीजमध्ये काळ्या कागदात होती. गिरजा तसं म्हणाली. पण एकीकडे डॉक्टर आणि दुसरीकडे अटेंडर. तिला मेमो मिळाला, आणि सोमवारपासून लॅबऐवजी संडास-बाथरूमच्या सफाईला लावलं.

त्या दिवशी घरी जाऊन ती झिलूला एवढंच म्हणाली की मुडली गेली. झिलूनं दुसरं बियाणं आणतो म्हटलं. तिनं नको म्हटलं. माणसं रागावली की ओरडतात, भांडतात, आणि राग वाहून जातो. गिरजाचा राग तसा गेला नाही. ती रोज साडेनऊला यायची, फिनेल टाकून फरश्या घासायची, सर समोर आले तर बाजूला सरून वाट द्यायची. पण या माणसाला एक दिवस चारचौघांत तोंड लपवायला जागा मिळू द्यायची नाही, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. कसं, ते ठाऊक नव्हतं. घाईही नव्हती.

वर्षभरानं कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला. हळदणकरांचा हार घातलेला फोटो, आणि खाली त्यांचा शोधनिबंध परदेशी मासिकात छापून आल्याचं अभिनंदन. गिरजा झाडू घेऊन फ्लेक्सखाली बराच वेळ उभी राहिली. मग वाचनालयात गेली.

वाचनालय सुशीला बघायची. ती रामनगरची, माहेर खानापूरकडचं. या दोघींचं चांगलं जमायचं. गिरजानं तिला तो निबंध काढून द्यायला सांगितला, आणि कागद हातात आल्यावर म्हणाली, "सुशीलाक्का, मला हे मराठीत सांगा. चकत्या कशा केल्या तेवढंच. एक ओळ सोडू नका."

सुशीलानं बोट ठेवून एकेक ओळ सांगितली. कंद कुठून आणले, नळी केवढी, चकती किती जाड, औषध किती, स्पिरिट किती. मग म्हणाली, चकत्या ताज्या कापून लगेच द्रावणात सोडल्या.

"लगेच?" गिरजानं विचारलं.

सुशीलानं पुन्हा वाचलं. लगेच असंच होतं.

गिरजानं ते तिसऱ्यांदा वाचायला लावलं. नळ नाही, चाळणी नाही, आदला दिवस नाही. चार वर्षं हा माणूस तिनं नळाखालून काढलेल्या चकत्या तोलत राहिला, आणि त्या नळाखाली का असतात हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याच्या लेखी ते भांडी धुण्यासारखं काम होतं, आणि भांडी धुतल्याचं निबंधात कोण लिहितं? सुशीला सांगते की कागद परत देताना गिरजा हसत होती, आणि ते हसू काही बरं नव्हतं. गिरजानं त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली.

आता फक्त वाट बघायची होती. लॅबमध्ये काय चाललंय ते तिला बाथरूममध्येही कळायचं, पोरी बोलायच्या. नव्या अटेंडरला चकत्या जमत नाहीत. सरांचे आकडे येत नाहीत. सरांनी औषधाची कंपनी बदलली, मग पाणी बदललं, मग मुडल्यांना नावं ठेवली. गिरजा फरशी घासता घासता ऐकत राहायची. आताच का जमत नाही, लॅबमधून गेली कोण, हे त्यांच्या डोक्यात येतं का, याची ती मजा बघत होती. त्यांच्या डोक्यात आलं ते एवढंच, की गिरजाचा हात चांगला आहे.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत जोयड्याला कंदमेळा भरणार होता. गावोगावचे लोक कंद घेऊन येतात, धारवाडकडून शास्त्रज्ञ येतात, अधिकारी येतात. हळदणकरांनी या खेपेला मोठा बेत केला होता. मुडल्या संजीवकात बुडवून लावल्या की कसं दुप्पट उत्पन्न येतं याची योजना त्यांनी मांडली होती, आणि त्यासाठी प्रत्येक वाडीनं आपलं बियाण्याचं वाण कॉलेजातल्या त्यांच्या नव्या केंद्रात जमा करायचं होतं. लोकांना विश्वास वाटावा म्हणून व्यासपीठावर सगळ्यांसमोर चकत्या तोलून दाखवायच्या होत्या. आदल्या दिवशी बशा भरायच्या आणि मेळ्यात वजनं करायची.

मेळ्याला तीन दिवस होते. गिरजा मुलींच्या बाथरूमबाहेर बादली धूत होती. हळदणकर तिथवर आले, नाकाला रुमाल लावून लांबच थांबले, आणि दोन दिवस लॅबमध्ये ये म्हणाले.

"येते," गिरजा म्हणाली. "पण काय करायचं ते लिहून द्या, सर. मागल्या खेपेला माझी चूक निघाली. आता लिहिलंय तसंच करीन."

त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट बाई सुधारली असं वाटलं असावं. त्यांनी आपल्या निबंधातलं तेच पान छापून दिलं, खाली मराठीत पायऱ्या लिहिल्या, आणि सही केली.

मेळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती दोन वर्षांनी लॅबमध्ये शिरली. बाटल्यांची जागा बदललेली, टिपकागद ओलसर झालेला. तिनं आधी सगळं पुसून घेतलं. मग हाताला खोबरेल चोळून मुडल्या सोलल्या. तिनं त्या दिवशी कसलीही लबाडी केली नाही, हे नीट सांगायला हवं, कारण नंतर लोकांनी नाही नाही ते उठवलं. औषध फ्रीजमधून काढलं तेव्हा सरांना बाटलीवरची तारीख दाखवली. तोलून घेतलं, चार थेंब स्पिरिटमध्ये विरघळवलं, तेवढंच स्पिरिट साध्या पाण्यात घातलं. एकेक चकती सारख्या जाडीची. सर शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि पायरी संपली की कागदावर खूण करत होते.

चकत्या कापून झाल्या. समोर सिंकमध्ये नळ होता, खुंटीला चाळणी टांगलेली होती. गिरजाचा हात सवयीनं तिकडे वळला. तेव्हा सर म्हणाले, "छान हात आहे गं तुझा. तुला उगीच तिकडं टाकलं."

तिला वाटलं, हा माणूस आता तरी मुडलीचं नाव काढेल. एक शब्द बोलला असता तरी कदाचित तिनं चाळणी उतरवली असती. मेळ्यात प्रयोग एक दिवस पुढं ढकलता आला असता, मेळा दोन दिवसांचा होता. ती थांबली. सरांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, पुढची पायरी काय?

"लगेच द्रावणात सोडायच्या," गिरजानं कागदावरून वाचलं, आणि सोडल्या.

दुसऱ्या दिवशी मांडवात दीड-दोनशे माणसं होती. पुढच्या रांगेत अधिकारी आणि धारवाडहून आलेल्या पूर्णिमा मॅडम. त्या कंदांवर संशोधन करणाऱ्या. मागं वाड्यावाड्यांतले लोक, पायांशी बियाण्याच्या टोपल्या घेऊन. कुंभारवाड्याचा उमाजी गावडा सगळ्यांत पुढं बसला होता. त्याच्या टोपलीत पाच जातींचे कंद होते आणि ते सरांच्या हाती द्यायचा मान त्याला मिळणार होता. गिरजा खांबाला टेकून उभी होती.

हळदणकर छान बोलले. मग वजनकाट्यावर कॅमेरा लावला आणि मागच्या पडद्यावर आकडे मोठे होऊन दिसू लागले. साध्या पाण्यातल्या चकत्या आधी तोलल्या. काल वीस ग्रॅम होत्या, आज वीस ग्रॅम आणि वर सहा दशांश. आता दुसरी बशी बघा, असं म्हणून त्यांनी ऑक्सिनमधल्या चकत्या टिपून काट्यावर ठेवल्या. वीस ग्रॅम आणि वर सहा दशांश.

त्यांनी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवल्या. आकडा तोच. मागं कुणीतरी खाकरलं. कन्नडमध्ये कुणीतरी विचारलं की फुगलेल्या कुठल्या आणि न फुगलेल्या कुठल्या, आणि हसू पिकलं. पूर्णिमा मॅडम उठून काट्याजवळ आल्या. काय झालं असेल, त्यांनी विचारलं. हळदणकरांनी मांडवात नजर फिरवली, गिरजा दिसली, आणि तिच्याकडे बोट करून म्हणाले की या बाईच्या हातून हे नेहमीच होतं, हिच्यावर याआधी कारवाईही झाली आहे.

गिरजा खांबापासून निघाली. लोकांनी वाट दिली. पायातल्या चपला खाली काढून ती व्यासपीठावर चढली आणि सहीचा कागद तिनं मॅडमच्या हातात दिला.

"हे सरांचंच लिखाण हाय. सर शेजारी बसले हुते, दर पायरीला त्यांनीच खुणा केल्या. ह्यात मी काय चुकले, ते तुम्हीच वाचून सांगा."

मॅडमनी सगळा कागद वाचला. एकेक खूण बघितली. मग त्यांनी हळदणकरांना विचारलं की हे सगळं असंच झालं का. झालं, ते म्हणाले. मग राहिलं काय, मॅडमनी विचारलं.

हळदणकर कागदाकडे बघत राहिले. राहिलं काय ते त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. गिरजाला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. ती त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती आणि तिला ठाऊक होतं.

"सांगा की, सर," ती म्हणाली. "चार वर्षं आकडे तुम्हीच उतरवलेत."

माईक चालू होता, त्यांचा श्वास सगळ्या मांडवात ऐकू येत होता. मग गिरजा लोकांकडे वळली आणि आपल्या वाडीच्या बोलीत, अगदी हळू आवाजात सांगितलं की माझ्या आईची काळी मुडली ह्या सरांना दिली होती, डोळे परत देतो म्हणाले होते, ते त्यांनी कापून जाळले. आणि खाली उतरली.

उमाजी गावडा उठला. टोपली डोक्यावर घेतली, कुणाकडे न बघता मांडवाबाहेर गेला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. पंधरा मिनिटांत मागच्या रांगांत एक टोपली राहिली नव्हती.

मेळा संपायच्या आत पूर्णिमा मॅडमनी गिरजाला गाठलं. तुम्हाला ठाऊक आहे काय राहिलं ते, त्या म्हणाल्या, विचारलं नाही. गिरजा म्हणाली, "व्हय. पण तोंडानं सांगणार न्हाई. लॅबात या, हातानं दाखवते."

आठवड्यानं मॅडम आल्या आणि दोन दिवस राहिल्या. गिरजानं चाळणी नळाखाली ठेवली. तिसऱ्या सकाळी संजीवकातल्या चकत्या चार ग्रॅमनं जड भरल्या. मॅडमनी तिला समजावून सांगितलं की कापलेला कंद जखमी असतो, ताज्या जखमेला संजीवकाची भाषा कळत नाही. वाहत्या पाण्यात एक दिवस मिळाला की पेशी सावरतात आणि मगच औषधाला दाद देतात. ही गोष्ट शास्त्राला फार जुनी ठाऊक आहे, त्या म्हणाल्या, पण तुम्ही ती न वाचता शोधलीत. जुनी आहे हे ऐकून गिरजाला वाईट वाटलं नाही. हळदणकरांनी तीही वाचली नव्हती म्हणजे, असं म्हणून ती उलट सुखावली.

पुढचं कागदोपत्री झालं. मासिकानं खुलासा मागितला, योजना गुंडाळली गेली, चौकशीत मेमो खोटा ठरला, गिरजा लॅबमध्ये परत आली. उन्हाळ्याआधी हळदणकरांनी स्वतःच बदली मागून घेतली. जाण्याआधी एकदा ते लॅबच्या दारात उभे राहिले आणि तुला ठाऊक होतं तर आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं. सांगितलं होतं, ती म्हणाली, आणि हातातलं काम करत राहिली.

वाड्यावाड्यांत लोक म्हणतात, गिरजानं आमचं बी वाचवलं. उमाजी तर अजून तिला वाटेत दिसली की हात जोडतो. गिरजा ते नाकारत नाही, पण सुशीलाजवळ एकदा तिनं सांगून टाकलं की त्या दिवशी नळाकडं न जाताना मला गावाचं बी आठवलंच नव्हतं. मला तो खड्डा आठवत होता. गावाचं भलं झालं ते झालं. हे ऐकून सुशीलाला जरा भीती वाटली म्हणे.

झिलूनं त्या पावसाळ्याआधी बाजारकुणंग आणि आसपासच्या पाच-सहा वाड्या पालथ्या घातल्या. काळी मुडली कुठं मिळाली नाही. आता लॅबमध्ये कुठलाही कंद आला की गिरजा आधी त्याचं मुंडकं कापून ओल्या गोणपाटात बांधते, वर मालकाचं नाव लिहिते, आणि ते घरी पोचल्याशिवाय खालच्या भागाला कुणाला हात लावू देत नाही. नव्या सरांनाही नाही.

गेल्या गणपतीत हळदणकरांनी सुशीलाच्या पत्त्यावर एक खोकं पाठवलं. आत चार कंद होते, काळपट सालीचे, गोव्याच्या कुठल्याशा बाजारातून शोधून आणलेले, आणि सोबत चिठ्ठी, की गिरजाबाईंना द्यावेत, चूक झाली. इतकी वर्षं अगं-तुगं करणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच बाई लिहिलं होतं. सुशीला खोकं घेऊन लॅबमध्ये आली. गिरजानं एक कंद उचलला, नखानं साल खरवडली. आत पांढरा फटक.

तिनं चारही कंद तिथंच सोलले, मुंडक्यासकट चिरले आणि मागच्या पडवीत सगळ्या अटेंडर बायकांसाठी आमटी टाकली. सुशीला जेवायला बसली, पण आमटीला हात न लावता कोरडा भात खात राहिली. शेवटी तिनं विचारलं की सरांना काय कळवू.

"कळवा," गिरजा तिच्या ताटात भात वाढत म्हणाली, "खाज लई हाय."